त्याच्या वाट्याचं बोलणं

कामशेतहून वडिवळ्याच्या रस्त्याला स्कूटर वळवली की कार्तिकाच्या सुमाराला एका ठिकाणी वास बदलतो. हायवेचा धूर आणि वड्याच्या तेलाचा खमंगपणा मागे पडतो आणि कापलेल्या इंद्रायणी भाताचा वास नाकात शिरतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे इथे गाडी बाजूला घेतात, डोळे मिटतात, छाती फुगवून श्वास घेतात आणि मग फोटो काढतात. वासाचा फोटो कसा येतो ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही. मला या वासानं भूक लागायला हवी. तीन पिढ्या याच भातावर पोसल्यात आमच्या. पण गेली दोन वर्षं हा वास आला की भूक लागत नाही. घराला कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, अशी बारीक किरकिर सुरू होते. स्कूटरच्या पुढ्यात उभा असलेला समू आरशाची काच बोटानं पुसत असतो आणि मी उगाच म्हणतो, "समू, भात बघ, भात." तो आरसाच पुसतो.

समू म्हणजे सम्यक, माझा मुलगा. आता पावणेपाच वर्षांचा आहे. मी बोलतोय तो हंगाम त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या जरा आधीचा.

माझा धंदाच बोलण्याचा. लोणावळ्यात वलवणच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये मी पाहुण्यांचं मन रमवायच्या खात्यात आहे. कार्डावर इंग्रजीत काहीतरी भारदस्त छापलंय, पण सगळा स्टाफ मला 'हौजीवाला' म्हणतो. संध्याकाळी लॉनवर माइक घेऊन हौजीचे आकडे पुकारायचे, मध्ये मध्ये नवऱ्यांची टिंगल करायची, सासवांना नाचवायचं, शेवटी फुल हाउस लागलेल्या काकूंच्या गळ्यात चिक्कीच्या पुड्यांची माळ घालायची. एकटा माणूस दोन तास न थांबता बोलू शकतो, यावर माझा संसार चालतो. घरीही माझा माइक बंद होत नाही, ही माझ्या बायकोची जुनी तक्रार. आणि अशा माणसाच्या पोटी आलेलं पोर तीन वर्षांचं होत आलं तरी 'आई' म्हणत नव्हतं.

'म' कधीतरी यायचा. 'बा' एकदा आला होता, तो बाबाचा होता की बादलीचा यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

त्याला काही हवं असलं की तो माझं बोट धरायचा. धरायचा म्हणजे, उचकीवर पाणी हवं असलं की माझा पंजा ग्लासपाशी नेऊन ठेवायचा, जसं आपण वरचा डबा काढायला स्टूल ओढून नेतो तसं. चेहऱ्याकडे बघायचा नाही. स्वतःचं बोट कशाकडे दाखवायचा नाही. पंख्याची पाती फिरायला लागली की मान तिरकी करून तासन्‌तास बघायचा. चवड्यांवर चालायचा. मी लोकांना सांगायचो, "नाचणार हा. पाय बघा." ही माझी खोड. कुठल्याही गोष्टीला मी आधी विनोदाचा कागद गुंडाळतो, मग बघतो आत काय आहे. कधी कधी बघतच नाही.

अंगणवाडीच्या ताईंनी सगळ्यात आधी विषय काढला होता. समूला आणायला गेलो तर चपला घालता घालता म्हणाल्या, "दादा, राग मानू नका. एकदा कुणाला तरी दाखवून घ्या त्याला. तळेगावला एक सेंटर आहे, लहान मुलांचं. मी वहिनींना नंबर देऊन ठेवलाय."

मी म्हणालो, "ताई, त्याच्या वाट्याचं सगळं मीच बोलून टाकतो हो. त्याला काही उरतच नाही."

ताई हसल्या नाहीत. मला ते लागलं. माइकवर मेलेला विनोद कळतो मला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत रिसॉर्ट तुडुंब होतं आणि लॉनवर पोरंच पोरं. दोन वर्षांची, तीन वर्षांची, बुटांत दिवे लागणारी, बोलणारी. 'मम्मा, मुझे ब्ल्यूवाला चाहिए' म्हणणारी. 'अंकल, आप चीटिंग कर रहे हो' म्हणणारी. मी आकडे पुकारता पुकारता त्यांच्याकडे बघायचो आणि मला कसलीशी तहान लागायची. मी पोरांना विचारत सुटलो. बेटा, उमर क्या है तुम्हारी? दोन बोटं दाखवली की छातीत धस्स. चार दाखवली की बरं वाटायचं, म्हणजे आपल्याकडे अजून वेळ आहे. मग आयांना विचारायचो, कब से बोलने लगा? पूरा सेंटेंस बोलता है? नजर से नजर मिलाता है? आईबाप आधी कौतुकानं सांगायचे, मग जरा पोराला जवळ ओढून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं.

"मिलिंद, गेस्टची कंप्लेंट आहे. तू लहान मुलांची चौकशी करत फिरतो म्हणे."

आता काय सांगणार? सर, मी दुसऱ्यांच्या पोरांनी माझं पोर मोजतोय, असं सांगता येत नाही. मी म्हणालो, "किड्स झोनचा सर्व्हे करत होतो सर." मॅनेजर खूश झाला आणि म्हणाला, रिपोर्ट दे. तो रिपोर्ट मी दिला. अजून कुठेतरी फाइलला असेल.

त्याच आठवड्यात पाहुण्यांच्या यादीत एका नावापुढे 'डॉ.' दिसलं. पांढरे केस, मऊ आवाज. मला वाटलं, घरी चालून आला देवमाणूस. दोन दिवस मी त्यांना सावलीतली खुर्ची, गरम भजी, जास्तीचे टॉवेल असं सगळं पुरवलं. तिसऱ्या दिवशी ते स्विमिंग पूलमध्ये गळ्यापर्यंत पाण्यात असताना काठावर उकिडवा बसून मी मन मोकळं केलं. समू कसा चालतो, कसा बघतो, बोट कसं धरतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बिचारे पाण्यात होते, जाणार कुठे? मग म्हणाले, "मी रंगांच्या रसायनातला डॉक्टर आहे हो. भिंतीवरचा रंग कधी वाळेल ते सांगू शकतो." आणि जरा थांबून म्हणाले, "पण तुम्ही मला सांगितलंत तेवढं सविस्तर, तेवढं ज्याला कळतं त्याला का सांगत नाही?"

मी त्यांना आणखी भजी आणून दिली. दुसरं काय करणार?

घरी सुजाता, म्हणजे माझी बायको, तळेगावच्या एका कंपनीत अकाउंट्सला. तिचं डोकं सरळ रेघेत चालतं. ती म्हणायची, जाऊ या. मी म्हणायचो, ऐकू येतंय का ते आधी बघू. आणि बघायला काय केलं, तर समू भिंतीकडे तोंड करून डब्यांची झाकणं ओळीनं मांडत बसला होता, त्याच्या पाठीमागे जाऊन मी दोन स्टीलची ताटं एकमेकांवर आपटली. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांच्याकडचं मांजर आठवडाभर आलं नाही, पण समूनं मान वळवली नाही. मी ताटं खाली ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात सुजातानं वेफरची पुडी उघडली. हळूच, नखानं. समू पलीकडच्या खोलीतून आला आणि तिच्या साडीला लटकला.

सुजाता म्हणाली, "ऐकू येतंय त्याला. तुझं ऐकायचं नाही त्याला. तो वेगळा आजार आहे, तो मलाही आहे."

हसलो आम्ही दोघं. मग ती हसता हसता थांबली आणि पुडीतलं एक वेफर बराच वेळ हातात धरून बसली.

सल्ले तर दारावरून वाहत होते. जिभेखालचा दोरा कापा. मध चाटवा. मोबाइल बंद करा. मोबाइल चालू करा, त्यात इंग्लिश गाणी लावा. मी स्वतः रिसॉर्टच्या टॉवेलांच्या खोलीत बसून इंटरनेटवर वाचायचो आणि दर अर्ध्या तासानं माझ्या पोराला नवा आजार द्यायचो. आणि माझी आई, वडिवळ्याला राहते, तिनं फोनवर सांगितलं, "पोपटाचं उष्टं प्येरू चार त्याला. जीब सुटती. तुज्या मावसभावाला तसंच क्येलतं."

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. आजोबांनी देव्हारा विसर्जित केला, गंडेदोरे सोडले. आमच्या वलवणच्या दोन खोल्यांत बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आहेत, अक्षर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आणि एका सकाळी त्याच घरातला कर्ता पुरुष, हौजीवाला, पॅन्ट दुमडून शेजारच्या बंगल्याच्या आवारातल्या पेरूच्या झाडावर होता. पोपटाचं उष्टं आणि वटवाघळाचं उष्टं यांत फरक कसा करतात ते मला माहीत नव्हतं. मी दोन्ही तोडले. उतरताना पॅन्ट उसवली आणि खाली सुजाता उभी.

ती काही ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि नवरा पेरूच्या झाडावर."

"आई म्हणाली म्हणून..."

"आईंनी झाडावर चढायला सांगितलं, चढलास. मी तळेगावला चल म्हणते, तर तुला सुट्टी नाही."

मी पेरू धुतला. कापून समूपुढे ठेवला. त्यानं फोडी ओळीनं मांडल्या, मोठी, लहान, मोठी, लहान, आणि एकही खाल्ली नाही. त्या ओळीकडे बघताना मला पहिल्यांदा खरं भय वाटलं. ते टॉवेलांच्या खोलीतलं, वाचून येणारं भय नव्हतं. त्या ओळीत इतकी नीट, इतकी सुंदर कसलीशी शिस्त होती, आणि तिच्यात शिरायला मला कुठूनच दार नव्हतं.

आता मागे बघताना वाटतं, मी तळेगावला जात नव्हतो याचं कारण सुट्टी नव्हतंच. तिथे गेलो असतो तर कुणीतरी काहीतरी पुकारलं असतं. आणि एकदा आकडा पुकारला की तो परत पिशवीत टाकता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? न पुकारलेल्या आकड्यावर माणूस कितीही दिवस जगू शकतो. मी जगत होतो. समू मात्र मोठा होत होता, रोज थोडा थोडा, आणि ते वाढणं बघून आनंद व्हायच्या ऐवजी मला कुणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. नवी चप्पल लहान झाली की आनंद व्हायला हवा. मी जुनी चप्पल आणखी चार दिवस चालवायचो.

झोडणीला आम्ही वडिवळ्याला गेलो. धरणाखालचं आमचं रान तसं लहानच, पण आबा अजून मळणीयंत्र बोलवत नाहीत. मशिननं कणी होते म्हणतात. खरं कारण वेगळं आहे. मशिनच्या आवाजात त्यांना लोकांना शिव्या देता येत नाहीत. खळ्यावर भाताच्या पेंढ्या आडव्या ठोकळ्यावर आपटायच्या, दाणा खाली, पेंढा मागे, धूळ अंगभर. समूला त्या धुळीनं शिंका येतील, आवाजानं तो बिथरेल म्हणून मी तयारीत होतो. तो बिथरला नाही. कडेला माझ्या आईच्या लुगड्याच्या सावलीत बसून उडणाऱ्या दाण्यांकडे बघत राहिला.

"काय रं, बोलतंय का न्हाई पोरगं?" आबांनी विचारलं.

"बोलंल," मी आबांच्याच भाषेत म्हणालो. घरी गेलं की माझी जीभ आपोआप चपला काढून आत येते.

"बोलंल की. तुजा चुलता पाच वर्साचा होस्तवर मुका व्हता. आता सभेत गप बस म्हनलं तर बसंना."

सुजाता पेंढ्या उचलत होती. ती वळली नाही, पण तिची पाठ ताठ झाली. सगळ्यांच्या घरात एक असा चुलता असतो. उशिरा बोललेला, मग फार बोललेला. त्याच्या नावावर किती पोरांची वर्षं निघून गेली असतील कोण जाणे.

दुपार कलली तशी रास घातली आणि आबा पायली घेऊन बसले. आमच्याकडे रास मोजताना बोलायचं नसतं. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि मग मोजणारा सोडून सगळे गप्प. लहानपणी मी यावरून सगळ्यात जास्त मार खाल्लाय. एकदा मोठेपणी मी आबांना विचारलं होतं, देव सोडला, नैवेद्य सोडला, मग हे का ठेवलं? ते म्हणाले, "ह्ये देवाचं न्हाई. मोजताना बोललं की मोजनी चुकती. ज्येला त्येला आपलं बोलनं आवडतं."

तर आबा मोजत होते. पायली भरायची, हातानं वरचं सपाट करायचं, पोत्यात ओतायची. दाण्याची एक सरसर धार. मग पुन्हा. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, कुणी समूला 'म्हण रे, आजी म्हण, भात म्हण' करत नव्हतं. गेले कित्येक महिने त्या पोरानं जागेपणी इतका वेळ बिनप्रश्नाचा काढलाच नसेल. तो सरकत सरकत आबांच्या गुडघ्यापाशी गेला. धारेखाली हात धरू लागला. आबांनी काढला नाही. ओतायचे, थांबायचे, ओतायचे.

मग पोतं भरलं. आबा दुसरं पोतं उघडायला थांबले. धार बंद. समूनं रिकाम्या पायलीकडे पाहिलं. मग मान वर केली, आबांच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत, आणि म्हणाला,

"अजू."

आबांचा हात थांबला.

आणि मी, बोलण्याचा धंदा करणारा मी, ज्या आवाजासाठी ताटं आपटली, पेरू तोडले, तो आवाज ऐकल्यावर एक क्षणही गप्प बसू शकलो नाही. मी किंचाळलो. राशीवरून उडी मारून गेलो. त्याला उचललं, मोबाइल काढला, "अजून म्हण, समू, अजून, परत म्हण, बाबाला म्हण, अ-जू-न," असं त्याच्या तोंडावर ओरडत राहिलो. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. डोळे मिटून घेतले. मग तो रडायला लागला, ते थांबेचना. माझा पाय राशीत, अर्ध्या राशीला खिंडार.

आबा म्हणाले, "मिलिंदा, मोजनी ग्येली."

मग समूकडे बघून, जरा हळू आवाजात, "त्येनं मला इचारलं व्हतं. तू कशाला मदी आला?"

मोजणी पुन्हा पहिल्यापासून झाली. लाभपासून. या वेळी मी बांधावर जाऊन बसलो, शिक्षा झाल्यासारखा. धार वाजत राहिली. समू माझ्या आईच्या मांडीवर झोपून गेला होता.

सुजाता बांधावर माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हणालो, "ऐकलंस ना? बोलतो तो. म्हणजे काही नाही त्याला. उगाच घाबरत होतो आपण."

ती म्हणाली, "ऐकलं. आहे त्याच्याजवळ बोलायला. त्याला ते बाहेर आणायला जमत नाहीये, आणि आपल्याला त्याला मदत करता येत नाहीये. मग आपण कशाची वाट बघतोय, मिलिंद?"

एकाच शब्दावरून दोन माणसं दोन टोकांना पोचली होती. मी नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे धुळीनं लाल होते, किंवा धुळीनं नव्हते. ती उठून बांधाच्या टोकाला गेली, जिथे रेंज येते, आणि ताईंनी दिलेला नंबर लावला. मला तिचा आवाज ऐकू येत होता. हो, तीन पूर्ण होतील. नाही, बोट दाखवत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. हो, वडीलही येतील.

मला न विचारता. बरं झालं.

तळेगावच्या त्या सेंटरमध्ये भिंतींना पिवळा रंग होता. तो कधी वाळला असेल असं माझ्या मनात आलंच. बाकावर आणखी आईबाप होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं आणि सगळे सगळ्यांच्या पोरांकडे बघत होते. म्हणजे मी लॉनवर करायचो तेच. एक आई आपल्या मुलीचा बूट बांधता बांधता म्हणाली, "पहिल्यांदा का? सुरुवातीला मीपण बाकावर बसून रडायचे. आता डबा आणते." त्या एका वाक्यानं मला जेवढा धीर आला तेवढा पुढे कुठल्या रिपोर्टानं आला नाही.

कान तपासले. कान ठणठणीत. डॉक्टरांनी पाहिलं, मग बोलणं शिकवणाऱ्या गायत्री मॅडम, वय माझ्याहून कमी, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. त्यांनी मला सांगितलं, याच्याशी नेहमी खेळता तसं खेळा. मी खेळलो. म्हणजे मी बोललो. ही बघ गाडी, गाडी चालली, गाडी कुठे चालली, मामाच्या गावाला चालली, मामा काय देणार, समू सांग, लाडू देणार ना, हो म्हण. समू चाक फिरवत होता.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, तुम्ही छान बोलता. आता एक करा. एकदा बोला आणि थांबा."

"किती वेळ?"

"त्याचं होईपर्यंत."

थांबलो. मला वाटलं युग गेलं. घड्याळाचा काटा सरकला तेवढंच होतं म्हणे. माझे ओठ नुसते फडफडत होते. सुजाता तोंडावर पदर धरून बसली होती. लग्नानंतर इतका करमणुकीचा कार्यक्रम तिनं पाहिला नव्हता.

मग मी जे विचारायला घाबरत होतो ते विचारलं. "माझ्यामुळे झालं का हे? मी फार बोलतो म्हणून?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यामुळे नाही, वहिनींच्या नोकरीमुळे नाही, कुणामुळेच नाही. पण तुमच्या थांबण्याचा त्याला उपयोग होईल. उशीर आहे त्याच्या विकासात. त्याला नाव काय द्यायचं, ते डॉक्टर पुढे बघतील, वेळ लागेल. काम आजपासून करायचं."

म्हणजे तिथेही आकडा पुकारला गेला नाही. इतका घाबरलो होतो ज्याला, ते झालंच नाही, आणि त्यानं मला हायसं वाटलं नाही. उलट चिडचिड झाली. नाव तरी द्या. नाव असलं की रागवायला कुणीतरी मिळतं. पुढे नाव मिळालं. ते मी इथे लिहीत नाही. लपवायचं म्हणून नाही, तर ते समूचं आहे, मोठा झाल्यावर त्याला हवं तर त्यानं सांगावं. एवढं कळलं की नाव मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीही त्यानं दूध गरम नको म्हणून तोंड फिरवलं आणि डब्यांची झाकणं मांडली. पोर तेच होतं.

या सगळ्याला आता दोन हंगाम झाले. समू शब्द बोलतो. कधी दोन जोडून. 'पाणी दे' येतं. 'बाबा गप' हे तर इतकं स्वच्छ येतं की मला सुजाताचा संशय आहे. बोट दाखवतो, स्वतःचं. पहिल्यांदा त्यानं वलवण धरणावरच्या बगळ्याकडे बोट केलं तेव्हा मी बगळ्याकडे न बघता बोटाकडेच बघत राहिलो आणि बगळा उडून गेला. पण काही दिवस असे येतात की सगळे शब्द आत ओढले जातात, कासवाच्या पायांसारखे, आणि घर पुन्हा दोन वर्षांपूर्वीचं होतं. आणखी दीड वर्षानं पहिलीचा प्रश्न आहे. वर्गात कोण थांबेल त्याच्यासाठी? चाळीस पोरांत बाई एक प्रश्न विचारणार, बाकीची हात वर करणार, आणि समूचं उत्तर निघेपर्यंत बाई फळ्यावर पुढचं लिहीत असणार. हा विचार मी त्याला आंघोळ घालताना करतो, हौजीचे आकडे पुकारताना करतो. परवा एक आकडा दोनदा पुकारला. दोन काकूंचं भांडण झालं.

लोक म्हणतात, आता बोलतोय ना, मग काळजी कसली? काळजी जात नाही. ती कपडे बदलते. आधी ती विचारायची, बोलेल का? आता विचारते, कुणी ऐकून घेईल का? आणि मी, ज्यानं आयुष्यभर शांतता दिसली की तिच्यात काहीतरी कोंबलं, मला आता हे कळायला लागलंय की एका पोराच्या गप्प राहण्याभोवती जग किती घाईत आहे. रिक्षावाला, दुकानदार, पाहुणे, सगळे त्याला नाव विचारतात आणि उत्तर यायच्या आत माझ्याकडे बघतात. आणि मी उत्तर देऊन टाकतो. अजूनही. लाज वाटते, पण समोरच्याचं ते अवघडणं मला सोसत नाही. पोरापेक्षा मी परक्या माणसाची सोय बघतो.

काल तळेगावचा तास संपवून आम्ही दोघं परस्पर वडिवळ्याला निघालो. सुजाता ऑफिसातून मागून येणार होती. वाटेत कालव्याच्या पुलाशी समूनं माझ्या हातावर थोपटलं. पाणी बघायचं होतं. स्कूटर थांबवली. तो कठड्याला टेकून खाली वाहत्या पाण्याकडे मान तिरकी करून बघत राहिला. ऊन डोक्यावर होतं.

रानाकडून एक मावशी आल्या. डोक्यावर पेंढ्याचा भारा, इतका मोठा की त्यांचा चेहरा सावलीत. मान ताठ, एक हात वर. समूला पाहून थांबल्या.

"कुनाचं रं तू बाळा? नाव काय तुजं?"

समू पाण्याकडे बघत होता.

माझ्या तोंडात 'सम्यक' तयार होतं. त्याच्या मागे 'आमचे साहेब फार बोलत नाहीत' हेही तयार होतं. मी जीभ दातांखाली धरली. मावशी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाल्या. भारा किंचित हलला, दोन काड्या गळून पडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"बोलत न्हाई व्हय?"

समूचे खांदे हलले. त्याला ऐकू गेलं होतं. त्याला सगळं ऐकू जातं.

"बोलतो, मावशी," मी म्हणालो. "त्याला जरा वेळ लागतो. थांबाल का?"

हे मी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं. विचारून झाल्यावर मलाच धक्का बसला. भर उन्हात, अर्धा मण डोक्यावर घेतलेल्या बाईला मी थांबायला सांगत होतो. आणि भाऱ्याचं असं असतं की तो उतरवला तर पुन्हा डोक्यावर चढवायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो, म्हणून कुणी तो वाटेत उतरवत नाही. हो म्हणून उभ्या राहिल्या असत्या तरी पुष्कळ होतं. निघून गेल्या असत्या तरी त्यांचं काही चुकलं नसतं.

मावशींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. समूच्या पाठीकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर नेले, गुडघ्यात वाकल्या, भारा पुलाच्या कठड्याशी खाली उतरवला, आणि पदरानं मान पुसत समूच्या शेजारी उकिडव्या बसल्या.